जपानी चित्रपट आणि आपले गाव

मंडळी, "जपानच्या सिनेमाशी आमचा काय संबंध हो?" असे कळंब-परंड्याकडचा कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. भाषा निराळी, पेहराव निराळा, जेवणखाण निराळे. तरीही जपानबाहेर कितीतरी देशांत जपानी चित्रपटांचे महोत्सव भरतात, आणि त्या भाषेचा एक शब्द न कळणारी माणसे ते पाहायला जातात. कशासाठी, ते आपण पाहू.

जत्रेत जसे ठिकठिकाणचे तमाशाचे फड एका गावी उतरतात, तसे निवडक चित्रपट ठरलेल्या दिवसांत एका ठिकाणी दाखवायचे, याला महोत्सव म्हणतात. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत सुरू झाला. त्यात इतर देशांबरोबर जपानचाही चित्रपट होता. केवळ जपानी चित्रपटांचे वार्षिक उत्सव पुढे सुरू झाले. ऑस्ट्रेलियातला १९९७ साली सुरू झाला. असे उत्सव भरवणारी 'जपान फाउंडेशन' ही संस्था १९७२ सालची. तिने फेब्रुवारी २०२२ मध्ये इंटरनेटवरून भारतासह पंचवीस देशांत मोफत चित्रपट दाखवले. म्हणजे उत्सव शहरापुरता राहिला नाही.

आता भाषेची अडचण. चित्राखाली बोलण्याचा अर्थ छापलेला असतो, पण तो बहुधा इंग्रजीत. यावरचा उपाय जपानकडेच सापडतो. मूकपटांच्या काळात तिथे पडद्याशेजारी 'बेन्शी' नावाचा निवेदक असे. तो गोष्ट सांगे, सगळ्या पात्रांचे संवाद स्वतः बोले. आपल्या तुळजापूरकडचा गोंधळी आख्यान रंगवतो ना, तसेच! नामांकित बेन्शीला ऐकायला लोक मुद्दाम येत. बोलपट आल्यावर १९३०नंतरच्या दशकात हा व्यवसाय मावळला.

आणि पाहायचे काय? यासुजिरो ओझू यांचा १९५३ सालचा 'टोकियो स्टोरी' घ्या. ओनोमिची या बंदराच्या गावचे म्हातारे आईबाप टोकियोत मुलांकडे जातात. मुलगा डॉक्टर, लेकीचे केशभूषेचे दुकान. दोघांनाही कामातून सवड नाही. शेवटी म्हाताऱ्यांना ते एका विश्रामस्थळी धाडून देतात. युद्धात गेलेल्या मुलाची विधवा, धाकटी सून, तेवढी एक दिवसाची रजा काढून त्यांना शहर दाखवते. घरी परतल्यावर आई वारते. बस्स, एवढीच गोष्ट. मुले वाईट नाहीत, आईबापही भांडत नाहीत. ज्यांची लेकरे पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत, त्यांना ही गोष्ट जपानची वाटेल काय?

गुरुजींना आणि बाईंना एक सुचवावेसे वाटते. असा एखादा चित्रपट रीतसर दाखवता आला, तर आधी स्वतः पाहून घ्या आणि मग वर्गात बेन्शी व्हा. सगळे सांगू नका. मध्येच थांबून विचारा, "आता म्हातारी काय म्हणेल?" उत्तरे पोरे आपल्या आजीच्या तोंडची देतील. परका देश नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो. तिथली माणसे आपल्यासारखीच आहेत, हे मात्र असेच कळते. आणि एखाद्या पोराने घरी जाऊन आजीजवळ घटकाभर बसून घेतले, तर चित्रपट दाखवल्याचे चीज झाले म्हणायचे.