लेझरच्या झोताला कंबर असते

शाळेच्या पुस्तकात लेझर म्हणजे पट्टी लावून ओढलेली लाल रेघ. ती रेघ डोक्यात इतकी पक्की बसते की पुढचे बहुतेक गैरसमज तिच्यातूनच फुटतात.

पहिला अर्थातच हा, की लेझरचा झोत पसरत नाही. पसरतो. प्रकाश ही लाट आहे आणि लाटेला चिमटीत धरलं की ती पुढे फाकते. यालाच विवर्तन म्हणतात. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेतला लाल हीलियम-निऑन लेझर घ्या. तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर. झोत सर्वात बारीक असतो त्या जागेला त्याची कंबर म्हणतात. तिथे व्यास २ मिलिमीटर असला, तर १०० मीटरवर ठिपका साधारण ४ सेंटिमीटरचा होतो. मग कंबर दहापट आवळू या? ठिपका उलट ४० सेंटिमीटरचा होईल! अपोलो ११ ने १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकाकडे पृथ्वीवरून लेझर सोडतात, तेव्हा मोठ्या दुर्बिणीतून पाठवूनही झोत तिथे पोचेपर्यंत किलोमीटर-दोन किलोमीटर रुंद झालेला असतो.

रेघेला कडा असते, म्हणून झोतालाही असेल असं वाटतं. ती नसते. साध्या, म्हणजे गाउसीय झोताचा उजेड मधे सर्वाधिक आणि बाहेर घंटेच्या उतारासारखा विरत जाणारा. ज्याला आपण झोताची त्रिज्या म्हणतो, तिथे मधल्या तीव्रतेच्या १३.५ टक्के उजेड शिल्लक असतो.

आता नक्षीदार झोत. याच कुळातल्या हर्माइट-गाउस झोतात उजेडाचे चौकोनी कप्पे दिसतात, लागेर-गाउस झोतात कडी. दोन्ही पसरतात, पण नक्षी तीच राहते, नुसती मोठी होते. लागेर-गाउसमधला प्रसिद्ध प्रकार मेदूवड्यासारखा दिसतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं की मधला प्रकाश कुणीतरी अडवलाय. तसं असतं तर विवर्तनाने ते भोक पुढे बुजलं असतं. खरी गोष्ट अशी, की या झोतात लाटेची कला, म्हणजे चढउतारातली तिची स्थिती, अक्षाभोवती स्क्रूच्या आट्यांसारखी फिरत जाते. ऐन मध्यावर सगळ्या कला एकत्र येतात आणि एकमेकींना पुसून टाकतात. म्हणून तिथे अंधार, आणि भिंगाने झोत कितीही एकवटला तरी तो अंधार टिकतो. १९९२ मध्ये लेस ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा झोतातला प्रत्येक फोटॉन कक्षीय कोनीय संवेग घेऊन जातो; पाण्यात तरंगणारा सूक्ष्म कण त्यात सापडला तर गरगर फिरतो. स्टेफान हेल यांनी सूक्ष्मदर्शकात कडीसारख्या झोताने भोवतालचे चमकणारे रेणू विझवले आणि मधल्या अंधारातले तेवढे चमकत ठेवले. त्यातून सुमारे २०० नॅनोमीटरच्या जुन्या मर्यादेच्या खूप खालचे तपशील दिसू लागले. २०१४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी.

‘न पसरणारा झोत’ आणि ‘वाकणारा प्रकाश’ या मथळ्यांची मात्र मला चीड आहे. १९८७ मध्ये डर्निन यांनी मांडलेला आदर्श बेसेल झोत पसरत नाही, पण त्याला अमर्याद ऊर्जा लागेल. प्रयोगशाळेतला ठरावीक अंतरच टिकतो. वाटेतला अडथळा ओलांडून तो पुन्हा जुळतो, ही जादू नव्हे; बाहेरच्या कड्यांतला प्रकाश आत येऊन मधली जागा भरतो. २००७ मध्ये प्रयोगात दिसलेल्या एअरी झोताचं तेजस्वी टोक वळतं हे खरं, पण सगळ्या ऊर्जेचा मध्य सरळच जातो.

स्क्रूसारख्या फिरणाऱ्या त्या पिळदार झोतांवर एकाच वेळी अगणित संदेश पाठवता येतील, हाही असाच अतिउत्साह. पीळ वाढला की झोत रुंदावतो: कंबर तीच ठेवून आठ पीळ दिले, तर तो साध्या झोताच्या तिप्पट रुंद होतो. पलीकडचं भिंगही तेवढं मोठं हवं, आणि मधली हवा हलली की संदेश एकमेकांत मिसळतात.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ज्यांच्या धर्तीवर गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया उभी राहणार आहे, त्या अमेरिकी वेधशाळांच्या ४ किलोमीटर लांब बाहूंत यातली एकही नक्षी नाही. तिथे साधा गाउसीय झोत धावतो, आणि बाकीचे आकार आत शिरण्याआधीच गाळून टाकायला आरशांची वेगळी पोकळी बसवलेली आहे.