गिऱ्हाईकाशी इंग्रजी बोलायचंय? आधी क्रियापद पकडा!

आजच्या व्हिडिओतलं सगळं इथे लिहून देतोय, म्हणजे काउंटरजवळ चिकटवून ठेवता येईल.

आधी माझी फजिती सांगतो. आमच्या गुंजवण्यातून लोक चोर दरवाजाने राजगड चढतात. काही जण उतरताना मात्र पाली दरवाजाने पलीकडे जातात. एकदा सकाळी बारा जणांचा ग्रुप दुकानावर चहा-पोहे घेऊन निघाला. मराठी कुणालाच येत नव्हतं. मी विचारलं, "लंच?" एकजण म्हणाला, "वी विल कम डाउन टू पाली." मला एवढंच कळलं, 'कम'. म्हणजे येणार! बारा जणांची पिठलं-भाकरी करून ठेवली. चार वाजले तरी कुणी नाही. त्यांनी फसवलं नव्हतं, मीच अर्धं ऐकलं होतं.

१. क्रियापदाची जागा

मराठीत क्रियापद शेवटी येतं: 'मी चहा देतो.' इंग्रजीत ते कर्त्याच्या लगेच मागे येतं: 'आय गिव्ह टी.' आपण मनात मराठी वाक्य जुळवतो आणि शब्द तेवढे बदलतो, तिथेच गाडी अडते. म्हणून कोण, काय करतो, कशाला, हा क्रम पाठ करा.

२. दुकानाला पुरणारी क्रियापदं

- हॅव (जवळ असणे): वी हॅव कोल्ड वॉटर.
- टेक (लागणे): लंच टेक्स थर्टी मिनिट्स.
- कीप (ठेवणे): यू कॅन कीप युअर बॅग हियर.
- वेट (थांबणे): प्लीज वेट फाइव्ह मिनिट्स.
- पे (पैसे देणे): प्लीज पे हियर.
- क्लोज (बंद करणे): वी क्लोज ॲट सेव्हन.

३. क्रियापदाचं शेपूट

'कम बॅक' म्हणजे परत येणे, 'कम डाउन' म्हणजे खाली उतरणे. 'गो अप' म्हणजे वर जाणे. शेवटचा छोटा शब्द सुटला की अर्थ बदलतो. माझी बारा ताटं त्यातच गेली.

४. विचारायचं कसं?

मराठीत 'का' शेवटी लावतो. इंग्रजीत सुरुवातीला 'डू', 'विल' किंवा 'डिड' लावा.

- नेहमीचं किंवा आत्ताचं: डू यू वॉन्ट टी?
- पुढचं: विल यू कम बॅक हियर?
- झालेलं: डिड यू ऑर्डर लंच?

'डिड' आला की क्रियापद मूळ रूपातच ठेवा. 'डिड यू ऑर्डर्ड' नाही.

आणि प्रश्न सरळ विचारा. "तुम्ही येणार नाही ना?" याला आपण "हो, नाही येणार" म्हणतो. इंग्रजीत तिथे 'नो' म्हणतात. अशा उलट्या प्रश्नाला नुसतं 'येस' आलं, तर येणार की नाही हेच कळत नाही.

आता मोठी ऑर्डर असली की मी तीन प्रश्न विचारतो: "विल यू कम बॅक हियर? हाउ मेनी पीपल? व्हॉट टाइम?" मग थोडा ॲडव्हान्स घेतो, आणि त्यानंतरच चूल पेटते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १२ किल्ले आले, त्यात आपला राजगड आहे. बाहेरचं गिऱ्हाईक दारात आलं तर गप्प बसून चालणार नाही.

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्यातली पाच क्रियापदं निवडा, प्रत्येकाचं एक वाक्य आणि एक प्रश्न करा, आणि उद्या पहिल्याच गिऱ्हाईकाला बोलून दाखवा. चुकलं तरी चालेल, पण विचारायचं राहू देऊ नका!