आजीचा आवाज, जात्याची घरघर

बालमित्रांनो, मिक्सर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? शेंगदाण्याची चटणी! घर्र घर्र आवाज आणि आईचं ओरडणं, “झाकण धर रे नीट!” पण आज मी तुम्हाला दुसऱ्याच एका मिक्सरची ओळख करून देणार आहे. त्याला पातं नाही, भांडं नाही आणि तो स्वतः अजिबात आवाज करत नाही. उलट दुसऱ्यांचे आवाज गुपचूप ऐकून घेतो. हा आवाजाचा मिक्सर!

तो तुम्ही पाहिलेलाही आहे. गावात सप्ताह बसतो, कीर्तन होतं, तेव्हा मांडवाच्या कडेला एक दादा खूप बटणांची पेटी घेऊन बसलेला असतो. मृदंग फार मोठा वाटला की एक बटण खाली सरकवतो, महाराजांचा आवाज कमी पडला की दुसरं वर सरकवतो. तोच हा मिक्सर. त्याचं एक लहान भावंडही मिळतं, पाटीएवढं किंवा त्याहूनही छोटं. त्याची वायर कॉम्प्युटरला जोडली की घरच्या घरी रेकॉर्डिंग करता येतं.

आता तुम्ही विचाराल, “गुरुजी, पण रेकॉर्डिंग करायचं कशाचं?” सांगतो.

घरातच आहे खजिना

आपला बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दिवाळीच्या सुमारास कितीतरी आईवडील कोयता घेऊन तोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मग पुष्कळ मुलं गावात आजीजवळ राहतात. त्याच आजीपाशी एक खजिना असतो. तो म्हणजे जात्यावरच्या ओव्या!

पूर्वी घरोघरी पहाटे जातं सुरू व्हायचं. खुंट्याला हात लागला की तोंडी ओवी यायची. भावाची ओवी, लेकीची ओवी, रामाची, सीतेची, पंढरीच्या विठ्ठलाची. गावात पिठाची गिरणी आली आणि बायांचे कष्ट वाचले. फार चांगलं झालं. पण जातं थांबलं तशा ओव्याही मागे पडल्या. बहुतेक ओव्या कुठे लिहून ठेवलेल्या नव्हत्या. त्या आईकडून लेकीला तोंडीच मिळायच्या.

हे ओळखून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी पुण्यात १९८० च्या दशकात ओव्या जमवायला सुरुवात केली. त्यांचे सहकारी गावोगाव हिंडले. महाराष्ट्रातल्या एक हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या! १९९० च्या दशकात बर्नार बेल हे फ्रेंच तंत्रज्ञ त्यांना मिळाले आणि ओव्या नुसत्या कागदावर न ठेवता बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रित होऊ लागल्या. आपल्या माजलगावातही ही मंडळी १९९६ साली आली होती. तिथल्या भीमनगरमधल्या बायांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या गायल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून या ओव्या इंटरनेटवर ठेवायला सुरुवात केली. म्हणजे माजलगावची ओवी आता जगात कुठेही ऐकता येते. आहे की नाही कमाल!

पण एक लाख ओव्या जमल्या तरी तुमच्या आजीची ओवी त्यात असेलच असं नाही. ती जपायची कुणी? तुम्ही!

भोंग्यापुढचा मिक्सर

आधी थोडी जुनी गंमत ऐका. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान या गायिकेचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. भारतातल्या अगदी पहिल्या तबकड्यांपैकी ही एक. तेव्हा ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नव्हता, वीज नव्हती. मोठ्या भोंग्यात तोंड घालून गायचं. मग आवाज कमीजास्त कसे करायचे? सोपं! हळू आवाजाच्या माणसाला भोंग्याजवळ उभं करायचं आणि दणदणीत वाद्यवाल्याला लांब बसवायचं. म्हणजे तेव्हा अंतर हाच मिक्सर होता.

पुढे १९२५ च्या सुमारास ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन आले, मग मिक्सर आले. पण अंतराची ती युक्ती आजही तितकीच खरी आहे. लक्षात ठेवा, आपल्याला ती लागणार आहे.

आवाजाचा प्रवास

आजी गाते तेव्हा हवा थरथरते. माइकमधला नाजूक पडदाही तसाच थरथरतो आणि त्यातून विजेचा बारीकसा प्रवाह निघतो. किती बारीक? बहुधा व्होल्टचा काही हजारावा भागच! एवढ्याशा विजेचं कॉम्प्युटर काय करणार? म्हणून मिक्सर आधी तिला मोठं करतो. त्या बटणाचं नाव गेन. प्रत्येक माइकसाठी वेगळं गेनचं बटण असतं. त्याच रांगेत खाली वरखाली सरकणारं बटण असतं, ते फेडर. गेन ठरवतं आवाज किती आत घ्यायचा आणि फेडर ठरवतं त्यातला किती पुढे पाठवायचा.

काही माइकना स्वतःलाच वीज लागते. ती ४८ व्होल्टची वीज मिक्सर वायरमधूनच पाठवतो. त्यासाठी मिक्सरवर ‘४८’ लिहिलेलं बटण असतं. साध्या माइकला त्याची गरज नसते.

मग येते खरी जादू. कॉम्प्युटरला फक्त आकडे कळतात. म्हणून मिक्सर आवाजाचे आकडे करतो. एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाज मोजतो! एवढे कशाला? माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. ती कंपनं नीट टिपायची तर मोजणी त्याच्या दुपटीहून जास्त वेळा व्हायला हवी. म्हणून ४४,१००. आणि प्रत्येक मोजणीसाठी ६५,५३६ पायऱ्यांची शिडी असते. त्या क्षणी आवाज कुठल्या पायरीवर होता, तेवढाच आकडा लिहिला जातो.

घागर सांडू देऊ नका

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. या शिडीला शेवटची पायरी आहे. त्यावर जागा नाही. आजीने एकदम वरचा सूर लावला आणि गेन जास्त असेल, तर आवाजाचा माथा छाटला जातो. ऐकताना खरखर, फाटल्यासारखं वाटतं. मिक्सरवर लाल दिवा लागतो तो हेच सांगायला.

घागर भरून वाहिली तर सांडलेलं पाणी पुन्हा घागरीत येतं का? तसंच हे. नंतर आवाज कमी केला तरी फाटलेला आवाज नीट होत नाही. मात्र थोडा हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो. म्हणून घागर पुरती भरायचीच नाही.

कॉम्प्युटरवर आवाजाची पट्टी दिसते. तिच्यावर सगळ्यांत वरचा आकडा शून्य असतो आणि खाली उणे ६, उणे १२ असे आकडे असतात. गाण्याचा सगळ्यांत मोठा सूर उणे १२ च्या आसपास राहील असं गेन लावा. उणे १२ म्हणजे घागर साधारण पाव भरलेली. घाबरू नका, तेवढी पुरते! आधी आजीला एक ओवी म्हणायला लावा, गेन ठरवा आणि मगच रेकॉर्डिंग सुरू करा. पुष्कळजण चाचणीत हळू बोलतात आणि खऱ्या वेळी खुलून गातात. म्हणून थोडी जागा रिकामी ठेवायचीच.

डावीकडे आजी, उजवीकडे जातं

जात्याशिवाय कित्येक आज्यांना ओवी आठवतच नाही. हात फिरला की ओठ हलतात. म्हणून घरात जातं असेल तर आजीला मूठभर ज्वारी दळू द्या. पण मग पंचाईत! जात्याची घरघर आजीच्या आवाजावर चढते. इथे मिक्सर कामी येतो.

दोन माइक घ्या. एक आजीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला. अगदी समोर धरला तर ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना फुंकर आत जाते. दुसरा माइक जात्यापाशी. तो थेट जमिनीवर ठेवू नका, दगडाची थरथर आत येईल. खाली वाकळेची घडी घाला. आणखी एक हिशोब सांगतो. माइक आवाजापासून जेवढा लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवा. म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात कमी घुसतो. पाहिलंत? भोंग्याची युक्ती परत आली!

आता मेख ऐका. पुष्कळ छोटे मिक्सर कॉम्प्युटरकडे दोनच वाटा पाठवतात, एक डावी आणि एक उजवी. दोन्ही माइक दोन्ही वाटांनी सारखेच गेले, तर आवाज कायमचे मिसळतात. दूध आणि पाणी एकत्र झाल्यावर वेगळं करून दाखवा बरं! पण मिक्सरवर पॅन नावाचं बटण असतं. आजीच्या माइकचं पॅन पूर्ण डावीकडे फिरवा, जात्याच्या माइकचं पूर्ण उजवीकडे. कॉम्प्युटरवर स्टिरिओ निवडा. झालं! आजी एका पट्टीत, जातं दुसऱ्या पट्टीत. नंतर निवांत बसून जातं हवं तेवढं हळू करता येतं. जात्याच्या माइकमध्ये आजीचा थोडा आवाज येईलच, पण तेवढं चालतं.

मिक्सर म्हणजे मिसळणारा. पण त्याचा खरा उपयोग आवाज वेगळे ठेवण्यात आहे. प्रत्येकाला आपापली जागा मिळाली की कुणी कुणाला दाबत नाही.

ऑडॅसिटी नावाचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम यासाठी फुकट मिळतो. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात दोघांनी तो तयार केला आणि २००० साली सर्वांसाठी खुला केला. आवाज ऐकायला हेडफोन लावा. स्पीकर सुरू ठेवला तर त्याचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा स्पीकरमधून येतो आणि कानठळ्या बसवणारी किंचाळी निघते.

खोली तयार करा

आपल्या कानांना सवय असते, पण माइकला नसते. पंखा, फ्रीज, कुकरची शिट्टी, अंगणातली कोंबडी, सगळं तो ऐकतो! म्हणून पंखा बंद. मोबाइल दूर. सिमेंटच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. दोरीवर गोधड्या, वाकळी टांगा, घुमणं कमी होतं. सारखी ‘हूंऽऽ’ अशी गुणगुण ऐकू आली तर ती बहुधा विजेची. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा दिशा बदलत परत येते, तिचाच तो सूर. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. वीज गेली तरी काम अडणार नाही! मात्र काही मिक्सर कॉम्प्युटरच्या वायरवर चालतात, काहींना वेगळी वीज लागते. ते आधी बघून घ्या. तारा जोडताना मोठं माणूस जवळ हवंच.

आणि वेळ? पहाटेची! गाव शांत असतं आणि जात्याचीही वेळ तीच.

मिक्सर नसेल तर?

हिरमुसू नका. मिक्सर शाळेत असेल, गावच्या भजनी मंडळाकडे असेल. तोही नसेल तर घरातला मोबाइल आहे ना! माइक एकच असला तरी बाकीचे नियम तेच. मोबाइल आजीजवळ, जात्यापासून दूर. पंखा बंद. आधी चाचणी.

एक प्रयोग आजच करा. एक ते दहा आकडे तीनदा रेकॉर्ड करा. एकदा वीतभर अंतरावरून, एकदा हातभर आणि एकदा तीन हातांवरून. मग ऐका. अंतर वाढलं की तुमचा आवाज मागे जातो आणि खोली पुढे येते. आमच्या वर्गात हा प्रयोग केला तेव्हा तिसऱ्या वेळी मुलांपेक्षा बाहेरची चिमणीच मोठी ऐकू आली!

नाव लिहायला विसरू नका

सुरू करण्याआधी आजीला विचारा, “आजी, तुझा आवाज ठेवू का? दुसऱ्यांना ऐकवू का?” ती नको म्हणाली तर नको. ओवी तिची आहे. मग वहीत लिहा: आजीचं नाव, माहेर, सासर, तारीख आणि ही ओवी तिला कुणी शिकवली ते. न कळलेला शब्द विचारून घ्या. नाव नसलेला आवाज काही वर्षांनी कुणाचा, हे घरच्यांनाही सांगता येत नाही.

मूळ रेकॉर्डिंग वेव्ह प्रकारात ठेवा. एका मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते. पाठवण्यासाठी एमपी३ नावाची लहान प्रत काढता येते, पण लहान करताना आवाजातलं थोडं काही कायमचं गळतं. म्हणून मूळ पुसू नका. आणि ते दोन ठिकाणी ठेवा, एक कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्हवर.

पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. मुलं पंखा बंद करा म्हणाली, गप्प बसा म्हणाली, तर रागावू नका. ती अर्धा तास एका माणसाचं मन लावून ऐकायला शिकत आहेत. तोडीवर असाल तर त्यांना सांगा, “ओवी आम्हाला पाठव.” रात्री कोपीत मोळ्या वाहून दमलेली आई फोन कानाला लावेल आणि तिला आपल्या आईचा किंवा सासूचा सूर ऐकू येईल. मागे हळूच जातं फिरत असेल. ओवी संपल्यावर बारीकसा आवाज येईल, “आई, ही मी रेकॉर्ड केली!”

तर मग मुलांनो, वाट कसली बघताय? वही, पेन, वाकळ घ्या आणि आजीच्या शेजारी बसा. बटणं नंतर. आधी एक ओवी नुसतीच ऐका.