वाळूचें गाळणकुंड आणि त्याची निगा

पाणी गाळून प्यावें हा उपदेश या देशांत नवा नाहीं. घागरीच्या तोंडावर स्वच्छ फडक्याची घडी बांधल्यावांचून पाणी न भरणाऱ्या गृहिणी वऱ्हाडांत अजूनही आढळतात. वाशीम जिल्ह्यांतील रिसोड तालुक्यांत असलेल्या रिठदसारख्या गांवीं, किंवा त्या मुलखांतील दुसऱ्या कोणत्याही गांवीं, वृद्ध माणसांना आणखी एक रीति ठाऊक असते. उन्हाळ्यांत नाल्याच्या कोरड्या पात्रांत वाळू उकरून झिरा करावयाचा आणि त्यांत हळूहळू सांचणारें निवळशंख पाणी वाटीवाटीनें भांड्यांत भरावयाचें. जवळच्या डबक्यांतील पाणी गढूळ आणि हातभर वाळूखालचें पाणी मात्र नितळ, हें कसें घडतें? या प्रश्नाचें उत्तर ज्यास नीट उमगलें त्यास वाळूचें गाळणकुंड कसें राखावें हेंही उमगेल. ज्यास तें उमगलें नाहीं, त्याच्या हातीं उत्तम बांधलेलें कुंडही चार महिन्यांत निकामी होईल.

बहुतेकांची समजूत अशी कीं, वाळू ही एक बारीक चाळणी आहे आणि पाण्यांतील घाण तींत अडकून राहते. काडीकचरा व जाड गाळ यांच्यापुरतें हें खरें आहे. रोगजंतूंच्या बाबतींत खरें नाहीं. गाळणकुंडांतील वाळूचा कण मिलिमीटरच्या पाव भागाएवढा असतो, आणि पटकीचा जंतु मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोनतीन पट लांब असतो. दोन कणांमधील फट त्याला गांवच्या वेशीसारखी मोकळी असते. मग त्याला अडवितें कोण? नव्या वाळूंतून पाणी संथपणें उतरूं लागलें म्हणजे दोनतीन आठवड्यांत तिच्या पृष्ठभागावर एक पातळ, चिकट, तपकिरी साय धरते. तींत शेवाळाचे तंतु, मातीचे अतिसूक्ष्म कण आणि असंख्य निरुपद्रवी जीव असतात. पाण्याबरोबर येणारे रोगजंतु या सायीला चिकटतात आणि तेथील जीव त्यांना खाऊन टाकतात. जे निसटतात, ते खालच्या वाळूच्या कणांवरील तशाच लेपाला चिकटून मरतात. चांगल्या मुरलेल्या कुंडांत शंभर जंतूंपैकीं नव्व्याण्णव किंवा त्याहूनही अधिक नाहींसे होतात. तेव्हां पाणी शुद्ध करण्याचें मुख्य काम ही साय करते, आणि पाहणारा मनुष्य नेमकी तिलाच घाण म्हणून नाक मुरडतो.

ही गोष्ट युरोपांतील लोकांसही एकदम कळली नाहीं. स्कॉटलंडमधील पेझली येथें जॉन गिब यानें 1804 सालीं आपल्या कापडाच्या धुलाईच्या कारखान्यासाठीं वाळूची गाळणी बांधली आणि उरलेलें पाणी गांवांत विकलें. 1829 सालीं जेम्स सिम्प्सन यानें लंडनमधील चेल्सीच्या पाणीकंपनीसाठीं मोठें गाळणकुंड उभारलें. त्या काळीं रोगजंतूंचें ज्ञान नव्हतें. पाणी डोळ्यांस स्वच्छ दिसावें एवढाच हेतु होता. गाळणकुंडाचें खरें सामर्थ्य दिसलें तें 1892 सालीं, जर्मनींत. हांबुर्ग आणि अल्टोना हीं शहरें एकमेकांस लागून असून दोन्ही एल्ब नदीचें पाणी पीत. हांबुर्ग तें न गाळतां पीत असे. अल्टोना तर हांबुर्गची घाण मिसळलेलें खालच्या अंगाचें पाणी घेई, पण वाळूंतून गाळून. त्या वर्षींच्या पटकींत हांबुर्गमध्यें आठ हजारांहून अधिक माणसें दगावलीं; अल्टोना बहुतांशीं वांचलें. परंतु लगेच पुढें, 1893 च्या आरंभीं, कडाक्याच्या हिंवाळ्यांत अल्टोनांतही पटकीनें डोकें वर काढलें. रॉबर्ट कॉख या जंतुशास्त्रज्ञानें कारण शोधलें. साफसफाईसाठीं रिकाम्या केलेल्या एका कुंडाची वाळू थंडीनें गोठली होती आणि त्यामुळें पाणी नीट न गाळतांच शहरांत जात होतें. कुंड तेंच, वाळू तीच. निगेंत एक चूक झाली आणि ती शहरास भोंवली.

वऱ्हाडास याहून जवळचा दाखला नागपूरचा आहे. तेथें 1958 सालीं सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. 1974 पासून ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच ‘नीरी’, या नांवानें ओळखली जाते. या संस्थेनें 1970 नंतरच्या दशकांत खेड्यांसाठीं मंदगति गाळणकुंडांचा अभ्यास केला. ज्या गांवीं नमुन्याचीं कुंडें चालविलीं, त्यांत महाराष्ट्रांतील बोरुजवाडा हें एक होतें. फारशीं यंत्रें नाहींत, महाग रसायनें नाहींत आणि राखणदार गांवचाच, अशा स्थितींत ज्या कुंडाचा निभाव लागतो, तेंच खेड्याच्या कामाचें.

कुंडाची रचना साधी आहे. तळाशीं पाणी वाहून नेणाऱ्या नाळी, त्यांवर गोट्यांचे व खडीचे थर, त्यांवर सुमारें एक मीटर जाडीची धुतलेली बारीक वाळू, आणि वाळूवर सुमारें एक मीटर पाणी. वाळूच्या दर चौरस मीटरांतून तासाला 100 लिटर, म्हणजे दिवसाला 2,400 लिटर, एवढेंच पाणी काढावयाचें. 2019 सालीं सुरू झालेल्या जल जीवन मिशननें माणशीं रोज 55 लिटरांचें मान धरलें आहे. त्या हिशेबानें हजार वस्तीस 55,000 लिटर पाणी, अर्थात् सुमारें 23 चौरस मीटरांचें कुंड लागेल. पांच मीटर लांब व पांच मीटर रुंद जागा त्यास पुरून उरते. मात्र अशीं कुंडें दोन असावींत, म्हणजे एकाची साफसफाई चालूं असतां दुसरें गांवास पाणी देतें.

आतां निगेचा विचार. साय जाड होत गेली म्हणजे पाणी उतरण्यास अधिक जोर लागतो, आणि ठरलेलें पाणी मिळावें म्हणून बाहेरची झडप रोज थोडी थोडी उघडावी लागते. ती पूर्ण उघडूनही पाणी पुरेनासें झालें, तरच कुंड खरवडण्याची वेळ आली असें समजावें. साधारणतः ही वेळ एकदोन महिन्यांनीं येते. तत्पूर्वीं केवळ डोळ्यांस बरें दिसावें म्हणून वाळू ढवळणें किंवा दाताळ्यानें ओढणें, हें गांवच्या आरोग्याशीं खेळणें होय.

खरवडण्याच्या आदल्या सायंकाळीं आंत येणारें पाणी बंद करून बाहेरचें चालूं ठेवावें. सकाळीं उरलेलें पाणी काढून त्याची पातळी वाळूच्या खालीं वीतभर न्यावी. मग पाय धुऊन, फळ्यांवर उभें राहून, सपाट पात्याच्या फावड्यानें वरचा एकदोन सेंटिमीटरांचाच थर उचलावा. काम त्याच दिवशीं पुरें करावें. उन्हांत कुंड उघडें राहिलें तर खालच्या थरांतील उपयुक्त जीव मरतात. नंतर दुसऱ्या कुंडाचें गाळलेलें पाणी तळाकडून हळूहळू वर चढवावें, म्हणजे वाळूंत कोंडलेली हवा निघून जाते. पाणी वाळूच्या वर आल्यावरच वरचा प्रवाह सोडावा. पुढील एकदोन दिवसांचें पाणी पिण्यास देऊं नये. साय पुन्हां धरेपर्यंत तें शेतास सोडावें. काढलेली वाळू धुऊन जपून ठेवावी. पंचवीसतीस वेळां खरवडल्यावर थर अर्ध्या मीटरावर येतो. तेव्हां नवी वाळू खालीं घालून जुनी तिच्यावर पसरावी. विरजणानें दूध जसें लागतें, तसें जुन्या वाळूच्या योगानें नवें कुंड लवकर मुरतें.

राखणदाराच्या नेहमींच्या तक्रारी चारपांचच असतात. पहिली, कुंड आठवड्यांतच तुंबतें. पावसाळ्यांत काळ्या जमिनीवरून वाहून आलेलें पाणी थेट कुंडांत सोडल्याचा हा परिणाम; तें आधीं हौदांत निवळूं द्यावें किंवा जाड खडींतून न्यावें. उन्हाळ्यांत तरंगणारें शेवाळही तुंबवितें. तें जाळीनें वरचेवर काढावें. दुसरी खूण उलटी असते, म्हणून तिची कोणी तक्रार करीत नाहीं. कुंड खरवडलें नसतांही पाणी एकाएकीं फार मोकळें येऊं लागतें आणि राखणदार संतोष पावतो. वस्तुतः पाणी भिंतीच्या कडेनें किंवा एखाद्या भेगेंतून न गाळतां निसटत असतें. असें कुंड ताबडतोब बंद करावें. तिसरी, वाळूंतून बुडबुडे येतात. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा उंबरा वाळूच्या पृष्ठभागाहून खालीं असला कीं आंत हवा धरते. तो किंचित् वर घ्यावा.

चौथी तक्रार दुर्गंधीची, आणि खेड्यांत हीच सर्वांत अधिक. वीज गेली, पंप थांबला, कीं राखणदार कुंडाच्या दोन्ही झडपा लावून घरीं जातो. पाणी थांबलें कीं सायींतील जीवांना प्राणवायु मिळत नाहीं. नीरीच्या अभ्यासकांनीं 1980 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, कुंड थांबवून पुन्हां सुरू केल्यावर कांहीं तासांतच गाळलेल्या पाण्यांतील जंतु वाढतात. उपाय बिनखर्चाचा आहे. पंप बंद असला तरी बाहेरची झडप उघडीच ठेवावी. वाळूवरचें पाणी मंद होत जाणाऱ्या वेगानें रात्रभर उतरत राहतें आणि साय जिवंत राहते. पांचवी चूक सद्हेतूनें होते. सांथीची बातमी आली कीं कोणी ब्लीचिंग पावडर कुंडांतच टाकतो. तिनें सायच मरते. पावडर अवश्य वापरावी, पण गाळून झालेल्या पाण्याच्या टांकींत.

शहरांतील पोहण्याच्या तलावांच्या वाळूच्या गाळण्या दुसऱ्या धर्तीच्या असतात. बंद टांकींतील वाळूंतून पंपाच्या दाबानें तासाला दर चौरस मीटरीं हजारों लिटर पाणी जातें. तेथें साय धरण्यास अवकाश नसतो, म्हणून जंतुनाशाचें काम क्लोरिनकडे असतें. ही वाळू खरवडीत नाहींत; पाणी उलट दिशेनें सोडून धुतात. परंतु तेथेंही अति धुणें बाधतें, कारण किंचित् गाळ धरलेली वाळू बारीक कण अधिक चांगले पकडते. धुतल्यानंतर दाबमापक जो आंकडा दाखवील, त्याहून दर चौरस सेंटिमीटरला अर्धापाऊण किलो दाब वाढला म्हणजेच पुन्हां धुवावें. आणि तळ स्पष्ट दिसेनासा झाला तर तलाव तत्काळ बंद करावा. गढूळ पाण्याच्या तळाशीं निपचित पडलेलें मूल कांठावरच्या माणसास दिसत नाहीं.

वाळूच्या कुंडानें पाण्यांतील विरघळलेले क्षार किंवा फ्लोराइड जात नाहींत. ज्या विहिरींत तो दोष असेल तेथें दुसरा उपाय पाहिला पाहिजे. परंतु नदी, नाला वा तलाव यांचें पाणी ज्या गांवास प्यावें लागतें, त्यास पटकी व हगवण यांपासून वांचविण्याचें याहून सोपें साधन थोडेंच सांपडेल. तें बांधण्यास एकदां पैसा लागतो. राखण्यास वर्षभर एक माणूस लागतो. ग्रामपंचायतीनें त्या माणसाचें वेतन वेळेवर द्यावें, त्याला हें शास्त्र समजावून सांगावें, आणि एक वही द्यावी. वरच्या पाण्याची उंची, झडप किती उघडी आहे, गाळलेलें पाणी कसें दिसतें आणि शेवटचें खरवडणें केव्हां झालें, या चार गोष्टी त्यानें तींत रोज सकाळीं लिहाव्या. कुंडांत बिघाड होऊं लागला तर गांवांत कोणी आजारी पडण्यापूर्वीं तो त्या वहींत दिसेल.