सातचा खेळ, मध्यरात्रीचं रेकॉर्डिंग

पुढे सांगितलेला दिवस कुठल्याही एका तारखेचा नाही. 1980 ते 1985 या काळात ‘मिनटमेन’ नावाच्या तीन माणसांच्या रॉक बँडने ज्या वेळा पाळल्या, त्या इथे एका घड्याळावर लावल्या आहेत. डी. बून गिटार वाजवायचा आणि गायचा, माइक वॉट बेस गिटार वाजवायचा आणि जॉर्ज हर्ली ड्रम्स. तिघेही कॅलिफोर्नियातल्या सॅन पेड्रोचे. या बँडचं मोठेपण मला त्याच्या वेळापत्रकात दिसतं.

सकाळी सहा. सॅन पेड्रो म्हणजे लॉस एंजेलिसचं बंदर. इथे गोदी कामगार राहतात, क्रोएशियातून आणि इटलीतून आलेल्या मच्छीमारांची कुटुंबं राहतात, तेव्हा नौदलातल्या माणसांची घरंही होती. समोरच्या टर्मिनल आयलंडवर ट्यूना मासा डब्यात भरण्याचे कारखाने होते. हॉलिवूड त्याच महानगरात, पण पेड्रोच्या माणसाचं तिथे काही काम नसतं. बून आणि वॉट दोघांचेही वडील नौदलात होते. बूनचं घर दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या बराकींच्या वस्तीत. सकाळी लवकर उठून कामावर जाणं ही या गावाची रीत, आणि बँड सुरू झाला म्हणून या तिघांनी ती मोडली नाही.

सकाळी आठ ते दुपार. पोटापाण्याची कामं. ती झाली की गाणं.

संध्याकाळी पाच. तालीम. इथे थोडं मागे जावं लागतं. बून आणि वॉट तेरा वर्षांचे असताना पेक पार्कमध्ये भेटले. बूनने दुसराच कुणी मुलगा समजून झाडावरून वॉटच्या समोर उडी मारली, आणि तिथून त्यांची मैत्री सुरू झाली. शाळा सुटल्यावर पोरं वस्तीत भटकण्यापेक्षा घरात बसून वाजवलेली बरी, म्हणून बूनच्या आईने दोघांना वाद्यांच्या नादी लावलं. बून गिटार शिकणार आणि वॉट बेस, हे तिनेच ठरवलं. बेस हे वेगळं वाद्य असतं हे वॉटला ठाऊकच नव्हतं. त्याने साध्या गिटारला चार तारा लावल्या आणि तीच बेस म्हणून वाजवायला सुरुवात केली. रेकॉर्ड लावून क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलची गाणी ऐकायची आणि हुबेहूब वाजवायची, हे त्यांचं शिक्षण. वाद्यावर हात बसण्याआधीच माणसं मंचावर चढतात आणि स्वतःची गाणी वाजवतात, हे त्यांनी पुढे हॉलिवूडमधल्या पंक कार्यक्रमांत पाहिलं. मग 1978 मध्ये ‘रिॲक्शनरीज’ हा पहिला बँड आला आणि 1980 मध्ये मिनटमेन.

तालमीत कडक शिस्त असे. त्यांची बरीच गाणी मिनिटभराचीसुद्धा नाहीत. इंग्लंडच्या ‘वायर’ या बँडकडून त्यांनी हे उचललं होतं. एवढ्या लहान गाण्यात चूक लपवायला जागा नसते, म्हणून पुन्हा पुन्हा घोटून घेणं आलंच.

संध्याकाळी सात. ही वेळ मला फार मोलाची वाटते. रॉकचे कार्यक्रम रात्री उशिरा रंगतात, पण सकाळच्या पाळीला जाणाऱ्या माणसाला ते परवडत नाहीत. बूनने सॅन पेड्रोतलं स्टार थिएटर घेऊन तिथे बँडचे कार्यक्रम लावायला सुरुवात केली आणि त्या जागेला ‘युनियन थिएटर’ असं नाव दिलं. तिथले कार्यक्रम लवकर सुरू व्हायचे, म्हणजे कामगार गाणं ऐकून वेळेवर घरी जाऊन झोपू शकत. कामगारांविषयी गाणी लिहिणारे पुष्कळ झाले. कामगाराची झोप धरून कार्यक्रमाची वेळ ठरवणारा बून मला एकटाच माहीत आहे.

साडेसात. मंचावर. बून अंगाने भरलेला माणूस, पण एका जागी उभा राहत नाही, गिटार घेऊन उड्या मारतो. त्याच्या अँप्लिफायरकडे जवळून पाहिलं तर खर्जाचं बटण पार खाली फिरवलेलं दिसेल. गिटारचा आवाज पातळ, धारदार, जवळजवळ खरखरीत. हे मुद्दाम केलेलं होतं. रॉकमध्ये गिटार सगळी जागा व्यापते आणि बेस-ड्रम्स तिच्या पाठीमागे चालतात. बूनला ही उतरंड मान्य नव्हती. त्याने वरची पट्टी स्वतःकडे ठेवली, खालची वॉटला मोकळी करून दिली, आणि मधून हर्लीचे ड्रम्स स्पष्ट ऐकू येऊ लागले. बून याला राजकारणच मानत असे, आणि मला ते मनापासून पटतं. तीन माणसांत समता आहे असं नुसतं गाऊन भागत नाही. एकाला आपला आवाज कमी करावा लागतो.

रात्री नऊ. सामान आवरणं. हमाल नाहीत, मदतनीस नाहीत. ड्रम्स, अँप्लिफायर, केबल सगळं तिघांनीच उचलून गाडीत भरायचं. काटकसरीने चालण्याच्या या पद्धतीला ते ‘जॅमिंग इकोनो’ म्हणत. त्यांच्या हिशेबात जगात दोनच गोष्टी होत्या: कार्यक्रम आणि हँडबिल. लोकांसमोर वाजवणं हा कार्यक्रम. बाकी सगळं, मुलाखती आणि स्वतःच्या रेकॉर्डसुद्धा, लोकांना कार्यक्रमापर्यंत आणणारी हँडबिलं.

मध्यरात्र. आता हँडबिल तयार करायचं. मध्यरात्रीनंतर स्टुडिओचं भाडं उतरतं, म्हणून रेकॉर्डिंग तेव्हा. टेप आधी वापरलेली, स्वस्तात घेतलेली. गाणी रेकॉर्डवर ज्या क्रमाने येणार त्याच क्रमाने वाजवायची, म्हणजे नंतर कापाकापीचा वेळ आणि पैसा वाचतो. ‘पॅरानॉइड टाइम’ ही सात गाण्यांची पहिली रेकॉर्ड 1980 मध्ये एका रात्रीत, 300 डॉलरमध्ये झाली. पुढच्या वर्षीच्या ‘द पंच लाइन’वर 18 गाणी आहेत आणि सगळी मिळून साधारण 15 मिनिटांची.

1983 च्या अखेरीस एका अल्बमपुरती गाणी तयार होती. तेवढ्यात मिनेसोटाचा हुस्कर डू हा बँड कॅलिफोर्नियात येऊन दुहेरी अल्बम रेकॉर्ड करून गेला. दोन्ही बँड एसएसटी या एकाच कंपनीचे. मित्रांनी केलं तर आपणही करू, म्हणून तिघे आणखी गाणी लिहायला बसले. त्यातून ‘डबल निकल्स ऑन द डाइम’ हा चाळीसहून अधिक गाण्यांचा अल्बम झाला, खर्च सुमारे 1,100 डॉलर. तीन बाजूंवर तिघांनी आपापल्या पसंतीची गाणी लावली आणि उरलेली चौथीवर टाकली. ज्याची बाजू, तिची सुरुवात त्याच्या मोटारीच्या इंजिनाच्या आवाजाने. तेव्हा महामार्गावर ताशी 55 मैलांची मर्यादा होती; नावातले ‘डबल निकल्स’ म्हणजे हेच 55. मुखपृष्ठावर वॉट मोटार चालवतोय. मागच्या सीटवरून काढलेल्या त्या एका फोटोत आरशातले त्याचे डोळे, 55 वरचा काटा आणि वर सॅन पेड्रोची पाटी, तिन्ही यायला हवं होतं. त्यासाठी मोटार त्याच रस्त्यावरून पुन्हा पुन्हा न्यावी लागली. गाडीचा वेग मर्यादेत, गाणी मात्र बेभान, असं त्यांना सांगायचं होतं.

पहाट. दौऱ्यावर असताना ही वेळ व्हॅनमध्ये जायची. एक जण गाडी चालवतो, बाकीचे मागे झोपतात. 22 डिसेंबर 1985 च्या पहाटे मात्र बून बँडच्या दौऱ्यावर नव्हता. आर.ई.एम. या बँडबरोबरचा दौरा आटोपला होता. तो जवळच्या माणसांबरोबर ॲरिझोनाच्या वाळवंटातून चालला होता, अंगात ताप होता म्हणून व्हॅनमध्ये मागे आडवा झाला होता. मागचा ॲक्सल मोडला, गाडी रस्ता सोडून गेली, बून बाहेर फेकला गेला आणि जागीच गेला. त्याचं वय 27. बँड त्याच दिवशी संपला.

वॉटने वाजवणं सोडायचं ठरवलं होतं. पुढे ओहायोतला एड क्रॉफर्ड नावाचा तरुण, मिनटमेनचा चाहता, सरळ सॅन पेड्रोला येऊन थडकला आणि वॉटच्या मागे लागला. 1986 मध्ये वॉट, हर्ली आणि क्रॉफर्ड यांचा ‘फायरहोज’ उभा राहिला. पहिला अल्बम त्यांनी बूनला अर्पण केला. 1994 पर्यंत हा बँड टिकला. नंतर वॉट स्टूजेससारख्या नामांकित बँडबरोबर मोठ्या मंचांवर बेस वाजवू लागला, पण स्वतःचे दौरे त्याने व्हॅननेच केले आणि राहायला सॅन पेड्रोतच राहिला.