गेलेल्याची आठवण आणि राहिलेल्याचे आयुष्य

जोडीदार गेला की घराचे निम्मे छप्पर उडाल्यासारखे होते. पहिले काही दिवस सगे-सोयरे येतात, वंदना होते, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, पाहुणे आपापल्या गावी परततात. मग खरे दिवस सुरू होतात. सकाळी दोन कप चहा टाकायची सवय असते आणि पिणारे एकच उरते. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, कुठल्याही वस्तीत जा, असे एखादे घर सापडतेच. त्या घरातल्या माणसाला आपण काय सांगतो? 'आता लेकरांकडे बघा' एवढेच सांगतो. लेकरांकडे तर बघायचेच असते, पण त्या माणसाकडे कोणी बघायचे?

वाचक बंधू-भगिनींनो, आज आम्ही याच प्रश्नावर बोलणार आहोत. त्यासाठी दूरचे उदाहरण शोधायची गरज नाही. ज्यांचा फोटो आपल्या प्रत्येक घरात आहे, त्या बाबासाहेबांच्याच आयुष्यात हे दुःख आले होते. त्यांनी ते कसे सोसले आणि पुढे काय केले, हे आपण जयंतीच्या भाषणात फारसे सांगत नाही.

राजगृहातला तो दिवस

२७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात माता रमाई गेल्या. त्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा, म्हणजे वय अवघे सदतीस. पंचवीसहून अधिक वर्षांचा संसार, त्यातली कितीतरी वर्षे साहेब परदेशात शिकायला आणि रमाई इथे हलाखीत. पाच लेकरांपैकी चार लेकरे या माऊलीने डोळ्यांदेखत गमावली. एकटे यशवंतराव राहिले. चांगले दिवस आले, पुस्तकांसाठी बांधलेले मोठे घर झाले, तेव्हा रमाईंचे शरीर थकून गेले होते.

बाबासाहेबांसारखा पहाडासारखा माणूस त्या दिवशी कोसळला. चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहून ठेवले आहे, की ते कित्येक दिवस खोलीत बसून लहान मुलासारखे रडत होते. डोके मुंडवले, भगवी वस्त्रे घातली, बोलणे-चालणे टाकले. ज्यांच्यापुढे मोठमोठे वकील चाचरत, त्यांना बायकोच्या आठवणीने रडताना लाज वाटली नाही. आपल्याकडे 'बाप्या माणसाने रडू नये' म्हणतात. आम्ही म्हणतो, रडावे. न रडलेले दुःख पुढे दारूच्या बाटलीतून बाहेर येते आणि साऱ्या घराला बुडवते.

त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला बाबासाहेब येवल्याच्या परिषदेत उभे राहिले आणि धर्मांतराची घोषणा केली. पण काम सुरू झाले म्हणून दुःख संपले असे होत नाही. १९४० साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा त्यांचा ग्रंथ निघाला. राजकारणावरचा तो कठीण ग्रंथ त्यांनी अर्पण केला आपल्या 'रामू'ला. पाच वर्षे झाली होती, पण आठवण ताजी होती.

तारा फार ताणू नयेत

याच बाबासाहेबांना संगीताची ओढ होती, हे किती जणांना ठाऊक आहे? त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी. घरात रोज भजने, दोहे, अभंग होत आणि लेकरांना ते म्हणावे लागत. तो संस्कार बाबासाहेबांच्या मनातून कधी गेला नाही. पुढे, डोक्यावर साऱ्या समाजाचा भार असताना, त्यांनी व्हायोलिन हातात घेतले आणि शिक्षकाकडून रीतसर धडे गिरवले. ज्याच्याकडे वेळ नाही असा देशात एकच माणूस शोधायचा म्हटले तर तो हाच होता. तरी त्याने गज आणि तारा यांच्यासाठी वेळ काढला. त्यांचे व्हायोलिन पुण्याला सिंबायोसिसच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालयात पाहायला मिळते. सेनापती बापट रस्त्यावर हे संग्रहालय आहे. पुण्याला कामाधंद्याला गेलेल्या आपल्या लोकांनी एखाद्या सुटीच्या दिवशी लेकरांना तिथे जरूर न्यावे.

तथागतांच्या वेळची एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. सोण नावाचा भिक्खू साधनेसाठी इतका चालला की तळपायांतून रक्त आले, तरी मनाला शांती मिळेना. हा सोण पूर्वी उत्तम वीणा वाजवत असे. तथागतांनी त्याला विचारले, वीणेच्या तारा फार ताणल्या तर ती नीट वाजते का? नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. मग मनाचेही तसेच आहे.

दुःखाचेही तसेच आहे, असे आम्हाला वाटते. कोणी दुःख इतके ताणतो की दहा वर्षे घरात गाणे लागत नाही, सणाला गोड होत नाही आणि लेकरे हसायला भितात. कोणी ते इतके सैल सोडतो की महिन्याभरात दुसरी बायको आणतो आणि पहिलीचा फोटो माळ्यावर टाकतो. दोन्हीकडे सूर बिघडतोच.

आपल्याला गाणे दुसऱ्याकडून मागून आणायची गरज नाही. आपला जिल्हा संत नामदेवांच्या नरसीचा. आपल्या वस्तीत ढोलकी, हार्मोनियम, खंजिरी अजून आहेत. लोककवी वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) यांनी गावोगाव फिरून भीमगीत घराघरांत नेले. बायकांची जात्यावरची ओवी तर त्याहून जुनी. आपल्या मराठवाड्यातच, माजलगावच्या भीमनगरात, बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांच्या आणि रमाईच्या ओव्या १९९६ साली संशोधकांनी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. जात्यावर बसलेली बाई सासरचा जाच, मेलेले लेकरू, गेलेला धनी, सगळे ओवीत सांगत असे. बोलून सांगता येत नव्हते ते गाऊन सांगता येत होते. जाते गेले, गिरणी आली, पण मनातले सांगायची गरज काही गेली नाही. म्हणून आमचे म्हणणे असे, की विहारात पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास गाण्याचा ठेवा. वस्तीत एखादी बाई किंवा बुवा एकटे पडले असतील तर त्यांना मुद्दाम बोलवा, हातात टाळ द्या. उपदेशाने जे होत नाही ते चार जणांच्या सुरात सूर मिळवल्याने होते.

तेरा वर्षांनंतर

रमाईंच्या मागे बाबासाहेबांनी पुन्हा लग्न करायचे नाही असे ठरवले होते. वर्षे गेली. स्वतंत्र मजूर पक्ष, मजूरमंत्रिपद, सिद्धार्थ कॉलेज, मग देशाचे कायदामंत्रिपद आणि घटनेचा मसुदा. काम वाढत गेले आणि शरीर खचत गेले. मधुमेह होता, पायांच्या वेदनांनी रात्र रात्र झोप लागत नसे. १९४७ मध्ये मुंबईत डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांची ओळख झाली. त्या डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात काम करीत आणि बाबासाहेब तिथे उपचाराला येत. ओळखीतून पत्रव्यवहार झाला, पत्रांतून मने जुळली. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत राहत्या घरी नोंदणी पद्धतीने त्यांचा विवाह झाला. आदल्याच दिवशी बाबासाहेबांना सत्तावन्न वर्षे पूर्ण झाली होती. शारदाबाई सविता झाल्या, आपल्या माईसाहेब झाल्या.

हे लग्न त्यांनी चोरून केले नाही. आधीच, मार्च महिन्यात, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून त्यांनी आपली अडचण आणि निर्णय कळवला. डॉक्टर म्हणतात, सेवेला माणूस हवे. परकी बाई घरात ठेवून लोकांच्या तोंडी विषय होण्यापेक्षा लग्न केलेले बरे. म्हणजे गरज होती आणि मायाही होती. आपल्याकडे लोक म्हणतात, 'भाकरीसाठी केले, प्रेम कुठले?' किंवा 'या वयात बाशिंग बांधायला निघाला!' अहो, आजारपणात वेळेवर औषध देणारा हात, रात्री पाय चेपणारा हात, यात प्रेम नाही तर काय आहे?

या लग्नाने रमाई पुसल्या गेल्या का? मुळीच नाही. आजही ७ फेब्रुवारीला गावोगाव रमाई जयंती होते. पहिल्या जागी पहिली राहिली, दुसरीला तिची स्वतःची जागा मिळाली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १५ मार्च १९५६ रोजी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपले आयुष्य वाढवल्याचे श्रेय माईसाहेबांना आणि डॉ. मालवणकरांना दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेताना माईसाहेब त्यांच्या शेजारी उभ्या होत्या.

आणि मग ती एकटी राहिली

६ डिसेंबर १९५६ नंतर माईसाहेबांचे काय झाले, हे सांगताना मान खाली जाते. वय सत्तेचाळीस. धनी गेल्याचे दुःख, आणि वर आपल्यातल्याच अनेकांनी संशय घेतला. केंद्र सरकारने चौकशी केली, मृत्यू नैसर्गिक असल्याचे ठरले, तरी बोलणाऱ्यांची तोंडे बंद झाली नाहीत. कित्येक वर्षे त्या समाजापासून दूर, एकट्या राहिल्या. पुढे तरुण कार्यकर्त्यांनी त्यांना पुन्हा सन्मानाने बोलावले. १९९० साली बाबासाहेबांना मरणोत्तर मिळालेले भारतरत्न त्यांनी स्वीकारले. त्याच वर्षी 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे त्यांचे आत्मकथन आले. जपून ठेवलेल्या साहेबांच्या वस्तू त्यांनी पुण्याच्या संग्रहालयाला दिल्या. २९ मे २००३ रोजी त्यांचे निधन झाले. सेहेचाळीस वर्षांचे वैधव्य त्यांनी सोसले.

हा इतिहास आम्ही भांडण उकरायला सांगत नाही. आपल्या वस्तीत आज काय चालते ते बघायला सांगतो. बायको गेलेल्या माणसाला पाहुणे स्वतःहून स्थळ आणतात. नवरा गेलेल्या लेकीने कोणाशी हसून बोलले तरी डोळे वटारतात. पूर्वी आपल्या समाजात विधवेचा 'पाट' लागत असे. पण तो रात्री, अंधारात, कोणाला तोंड न दाखवता. जणू ती चोरी होती. १९५६ नंतर तो अंधार संपायला हवा होता. विहारात, दिवसाउजेडी, त्याच त्रिशरण-पंचशीलाने कुमारिकेचे लग्न लागते तसेच विधवेचेही लागले पाहिजे. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. धम्म स्वीकारलेल्या आपण यात मागे का राहावे?

काही व्यवहाराच्या गोष्टी

भगिनींनो, मनात विचार असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या मालमत्तेत विधवेला मुलांइतका वाटा मिळतो आणि त्या वाट्याची ती पूर्ण मालक होते. नंतर तिने पुन्हा लग्न केले म्हणून तो वाटा जात नाही. 'लग्न केलेस तर शेत सोड' असे कोणी दरडावले तर घाबरू नका, वकिलाचा सल्ला घ्या. सातबाऱ्यावर वारसाची नोंद आधी करून घ्या. पेन्शन किंवा निराधार अनुदान चालू असेल तर मात्र पुनर्विवाहानंतर ते बंद होऊ शकते, म्हणून कार्यालयात नियम आधी विचारा. लग्नाची नोंदणी करायला विसरू नका.

सगळ्यात मोठी गोष्ट लेकरांची. बाबासाहेबांची आई भीमाबाई गेल्यावर रामजींनी दुसरे लग्न केले, तेव्हा बाळ भीमाला सावत्र आई रुचली नव्हती. लेकराला असे वाटणे साहजिक आहे. म्हणून घाई करू नका. लेकरांना जवळ घेऊन स्पष्ट सांगा, की तुमच्या आईची जागा कोणी घेणार नाही, घरात एक माणूस वाढणार आहे. पहिल्या आईचा फोटो भिंतीवरच राहू द्या. नव्या बाईने त्याला फूल वाहिले तर निम्मे काम झाले. आणि मोठ्या झालेल्या लेकरांनो, तुमच्या एकट्या पडलेल्या आईला वा बापाला सोबत मिळत असेल तर वाटणीच्या भीतीने आडवे येऊ नका.

आणि ज्यांना पुन्हा लग्न करायचे नाही, त्यांच्यावरही कोणी जबरदस्ती करू नये. कोणाला सोबत हवी, कोणाला गाणे पुरते, कोणाला विहारातले काम. ज्याने त्याने आपली वाट शोधावी. सर्वकाही अनित्य आहे असे तथागत सांगून गेले. जोडीदार अनित्य आहे, तसेच दुःखही अनित्य आहे. दुःख जाऊ लागले की त्याला धरून ठेवणे म्हणजे गेलेल्याशी इमान राखणे नव्हे. रमाईंच्या आठवणीत रडणारे बाबासाहेब, व्हायोलिनचे धडे गिरवणारे बाबासाहेब आणि माईसाहेबांशी संसार मांडणारे बाबासाहेब, हे तिघे एकच आहेत. त्यांच्या लेकरांनी तिघांनाही मान द्यावा, एवढीच आमची विनंती.

जयभीम!