नागपूरच्या उन्हात एकट्याने सायकल चालवताना सगळ्यात आधी डोकंच दगा देतं

३० मे २०२४. नागपूरच्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर आकडा झळकला, ५६ अंश सेल्सिअस. सोनेगावचं केंद्र ५४ सांगत होतं. बघता बघता स्क्रीनशॉट देशभर फिरले. पण त्याच दिवशी वर्धा रोडवरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतलं केंद्र आणि रामटेकचं केंद्र, दोन्ही ४४ च्या आसपास होते. मग हवामान विभागाने स्पष्ट केलं की सेन्सर बिघडले होते. नागपूरचा खरा विक्रम ४७.९ अंशांचा, मे २०१३ मधला.

यंत्राची चूक पकडता आली, कारण ताडून बघायला शेजारी दुसरी यंत्रं होती. नवतपात एकट्याने सायकल काढणाऱ्याकडे नेमकं तेच नसतं.

समजा, एक जण नागपूरहून रामटेकला निघालाय. कामठी, कन्हान, मनसर, एका बाजूने साधारण ५० किलोमीटर. पहाटे ५ ला निघाला तर जाताना फारसा त्रास होत नाही. खरी परीक्षा परतीची. गडावर दर्शन, खाली नाश्ता, थोडे फोटो, आणि निघेपर्यंत ११ वाजलेले.

आता त्याला वाटतं, सायकल चालतेय तोवर वारं लागतंय, काही होत नाही. इथेच पहिली फसगत होते. माणसाच्या त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गार असेल तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा ४४ ची असेल तर वारा उलट उष्णता आणून देतो. तरीही जरा बरं वाटतं, कारण त्या वाऱ्याने घाम उडून जात असतो. म्हणजे थंडावा देतोय तो घाम.

विदर्भातली हवा एवढी कोरडी की घाम दिसायच्या आतच वाळतो. शर्ट कोरडा, त्यावर फक्त मिठाच्या पांढऱ्या रेषा. आपल्याला घामच येत नाहीये, असं वाटून माणूस पाणी कमी पितो. कन्हानला सायकल थांबवली की एकदम अंघोळ केल्यासारखा भिजतो. घाम अचानक वाढलेला नसतो, वारं थांबल्यामुळे आता तो दिसतोय एवढंच.

थोडं गणित बघू. शरीर जी ऊर्जा जाळतं तिचा जेमतेम पाव भाग पेडलवर पोचतो, बाकीची उष्णता होते. पेडलवर १०० वॅट लावणाऱ्याच्या अंगात ३०० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे जुने शंभराचे तीन बल्ब पोटात लावल्यासारखं. एक लिटर घाम वाळताना साधारण ५८० किलोकॅलरी नेतो. त्या हिशोबाने नुसती ही उष्णता घालवायला तासाला जवळपास अर्धा लिटर घाम लागतो. वर डोक्यावरचं ऊन आणि खालून तापलेला डांबरी रस्ता. हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो, हेही लक्षात असू द्या. त्यामुळे तासाला लिटरभर पाणी सहज जातं, आणि सायकलच्या बाटलीत मावतं पाऊण लिटर.

नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. त्यानेही डोकं दुखतं, मळमळतं, गोंधळायला होतं. म्हणून ओआरएस हवं. ते नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खिशातला कांदा मात्र खिशात राहून काहीच करत नाही, तो खाल्लेला बरा.

पाणी, मीठ सांभाळलं तरी एक धोका उरतोच. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की उष्माघातात मेंदू बिघडायला लागतो. माणूस चिडतो, अडखळत बोलतो, रस्ता चुकतो, 'आणखी पाचच किलोमीटर' म्हणत राहतो. थांबायचा निर्णय ज्या डोक्याने घ्यायचा, तेच तापलेलं. घाम थांबला म्हणजे उष्माघात, हा समजही इथे फसवतो. मेहनत करताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने ओलं असू शकतं.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' सोलो पूर्ण केली. जवळपास ४,८०० किलोमीटर, त्यात कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाचं वाळवंट, मुदत १२ दिवसांची. पण तिथल्या 'सोलो'चा अर्थ सायकल एकाने चालवायची, एवढाच. मागे गाडीत टीम असते. पाणी, खाणं, झोप यांची नोंद तीच ठेवते आणि स्वार बरळायला लागला तर ते आधी तिच्या कानावर पडतं.

रामटेकच्या रस्त्यावर टीम नसते, पण फोन असतो. ठरलेल्या वेळी घरी फोन करायचा आणि बोलणं विस्कळीत वाटलं तर 'आहेस तिथेच थांब' म्हणायचा हक्क घरच्यांना आधीच देऊन ठेवायचा. परतीची वेळही घरूनच ठरवून निघायचं. पारा सगळ्यात चढतो तो दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान. त्यामुळे ९ नंतर सावली धरून निजायचं आणि ऊन उतरल्यावर निघायचं. संध्याकाळीही रस्ता खालून भाजत असतोच, पण डोक्यावर ऊन नसतं.

आणि वाटेत कुणी सायकल टाकून झाडाखाली बरळताना दिसला, तर लगेच १०८ ला फोन करा. तो शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. असेल नसेल ते सगळं पाणी त्याच्या अंगावर ओता आणि दुपट्ट्याने वारा घालत राहा.